बारा हात नळ

॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥
पांढुर्णा, ३ सप्टेंबर

सौ. वच्छलाबाई विहीणबाई यांना इंदूचा नमस्कार.

पत्र पाहून हसू नका. आजकाल पत्र कोण लिहिते, हे मलाही माहीत आहे. पण फोन लावला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारते, म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, आणि मग माझं बोलणं यशवंतराव व्याही, तुमची कामवाली आणि दारावरचा भाजीवाला असे तिघं ऐकतात. मागच्या वेळी मी दामिनीच्या उलट्यांचं विचारलं तर भाजीवाल्यानं लिंबू सुचवलं. म्हणून हे पत्र. तुमचे चिरंजीव, आमचे जावई अंकुशराव रोज सौंसरहून इकडे नोकरीला येतात, त्यांच्याच डब्याच्या पिशवीत ठेवून देत आहे. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं आहे. शीत हललेलं दिसलं तर मला कळवा.

चार दिवसांनी पितृपक्ष लागते, त्यात शुभ बोलू नये, म्हणून आजच लिहिते. दामिनीचं हे पहिलं बाळंतपण आहे, आणि पहिलं माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. दसरा झाला की तिला इकडे घेऊन यावं असं आमच्या मनात आहे. मागची खोली सारवून ठेवली. यांच्या जुन्या धोतरांची चौदा दुपटी शिवून झाली, विकतचं एकही नाही. डिंक आणि खोबरं घेतलं, खारीक तेवढी भाव उतरल्यावर घेईन.

इकडची बातमी म्हणजे अंकुशराव मागल्या आठवड्यात आमच्या गल्लीत सर्वे करत आले होते. ते पाणी खात्यात उपयंत्री, म्हणजे छोटे इंजिनेर, तिथे वरून हुकूम आला म्हणतात. कोणाच्या घरात कोणता नळ, लोखंडी की प्लास्टिकचा की शिशाचा, ते रजिस्टरात लिहून राहिले होते. साऱ्यांच्या घरी मोरीपर्यंत गेले. आमच्या घरी मी त्यांना बैठकीतून उठूच दिलं नाही. जावई घरी यावा आणि त्यानं मोरीत वाकावं, हे बरं दिसते का? अनारसे खाऊन गेले.

आमच्या नळाची तशीही काळजी नाही. माझ्या सासऱ्यांनी स्वतः उभं राहून टाकलेला आहे, तुळशीवृंदावनाच्या खालून. लोकांचे नळ सडतात, आमचा साठ वर्षांत एक थेंब गळला नाही. मी दर सोमवारी चिंचेनं घासते, चांदीसारखा चमकते. माझ्या सासऱ्यांची नजरच तशी होती. तुमच्या सासऱ्यांशी संत्र्याच्या बाजारात दोस्ती केली तीही पारखूनच, म्हणून तर आज आपण विहिणी झालो.

उत्तर लवकर द्या. पिशवी धुवायच्या आधी पत्र काढून घ्यावं.

तुमची,
इंदू


सौंसर, ६ सप्टेंबर

सौ. इंदूबाईंना वच्छलाचा सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. शीत जागेवर होतं. भाजीवाल्याचं लिंबू लागू पडलं, हेही सांगून टाकते.

दामिनी बरी आहे. एक नखरा सोडला तर काही तक्रार नाही. दिवस राहिल्यापासून तिला आमच्या नळाच्या पाण्याचा वास येते. देवळाच्या विहिरीचंच पाणी पाहिजे म्हणते. तिचे सासरे रोज सकाळी एक घागर खांद्यावर आणतात. माझ्या तीन बाळंतपणांत यांनी कधी लोटा उचलला नाही. आणि आमचा नळ म्हणाल तर नवा, निळा, प्लास्टिकचा. असो. मी काही बोलत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. "चांदीसारखा चमकते" ही ओळ जास्त वेळा वाचली. जेवताना अंकुशला सहज विचारलं, नळ ओळखायचा कसा. तो म्हणाला, लोखंडी नळाला चुंबक चिकटते. शिशाला चिकटत नाही, ते मऊ असते, आणि नाण्यानं खरवडलं की आतून चांदीसारखं चमकते. मग म्हणाला की शिसं पाण्यात उतरते, त्याला रंग नाही, वास नाही, आणि ते पोटातल्या लेकराच्या डोक्यावर जाते.

मी विचारलं, सासुरवाडीचा नळ कोणता रे? तर मान खाली. ज्या घरचा नळ पाहायला मिळाला नाही, त्याच्यापुढे "माहीत नाही" लिहावं लागते, आणि उलटं सिद्ध होईपर्यंत "माहीत नाही" म्हणजे शिसंच धरायचं, असा हुकूम आहे. तुमचं घर "माहीत नाही"त आहे. अनारशांसाठी रजिस्टरात रकाना नाही असं म्हणत होता.

तेव्हा इंदूबाई, रीत मलाही समजते. अंकुशला नळ खरवडून पाहू द्या. लोखंड निघालं तर दसऱ्याला मी स्वतः दामिनीला आणून सोडते. शिसं निघालं तर बाळंतपण सौंसरलाच होईल. यात राग मानू नये.

वच्छला


॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥
पांढुर्णा, १३ सप्टेंबर

सौ. विहीणबाईंना इंदूचा नमस्कार.

राग कशाचा मानू? तुम्हाला लेकराची काळजी, मलाही लेकराचीच.

पण नळ खरवडता येणार नाही. आमच्या नळावर शेंदूर आहे. देवाचं स्थान आहे ते. शेंदूर कधीपासून आहे ते मात्र विचारू नये, देवाचं वय कोणी विचारत नाही.

अंकुशराव परवा आले होते. खिशात नाणं होतं, मी पाहिलं. मोरीच्या दारात पोचले तर समोर नळ, त्यावर तोटीपर्यंत शेंदूर, खाली ऊद, वर जास्वंदाचं फूल. माणूस संस्काराचा आहे, हे कबूल केलं पाहिजे. चप्पल काढली, हात जोडले आणि मग नाणं देवापुढे ठेवून गेले. पाच रुपयांचं होतं. मी ते दामिनीच्या नावानं डब्यात टाकलं.

जाताना एवढंच म्हणाले, "आई, मागल्या महिन्यात तर या देवाचं कधी ऐकलं नव्हतं?" मी म्हटलं, "दर्शनाचा योग लागते बाप्पा."

शेजारची जयवंता हळद मागायला आली, तिनं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आली. मी काय करणार? आलेल्या माणसाला देवापासून हाकलता येते का? तिची लहान पोट्टी खोकत होती, तिला चमचाभर तीर्थ दिलं.

देवाच्या घरी बाळंतपण व्हावं, याहून चांगलं काय? दसऱ्यानंतरचा दिवस कळवा.

इंदू


सौंसर, १९ सप्टेंबर

सौ. इंदूबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी मनात वाचत होते, पण यांनी माझ्या हातातून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "विहीणबाईनं पाइपाचा मारुती केला." मी त्यांना गप्प केलं. मी दर शनिवारी जामसावळीच्या मारुतीला जाणारी बाई, देवाची थट्टा मला चालत नाही.

देव आहे म्हणता तर देवच असेल. मग माझं एक मागणं आहे. दामिनीला इथे तुमच्या देवाचं तीर्थ पाहिजे. पण तीर्थाला विधी असते. मी जाणत्या माणसाला विचारून लिहिते, चुकवू नका.

रात्री दहा वाजता नळ बंद करावा. मग सकाळपर्यंत घरातल्या कोणीही, कसल्याही कारणानं तो उघडू नये. गुळणी करायलाही नाही. पहाटे सर्वांच्या आधी उठून, पाणी जराही वाहून जाऊ न देता, पहिल्या धारेचं एक लिटर नवीन बाटलीत घ्यावं. बाटली अंकुशजवळ पाठवते. झाकण लावून वर तारीख आणि वेळ लिहावी. बाटलीत दुसरं काही टाकू नये.

एवढं केलं की मी दिवस कळवते.

वच्छला


॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥
पांढुर्णा, २७ सप्टेंबर

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

तुमच्यावर मी मनातून थोडी नाराज होते, ते आज सोडून दिलं. इतका बारकाईचा विधी मी आमच्या गुरुजींकडूनही ऐकला नाही. पहिली धार, आणि त्यावर वेळसुद्धा. आमचे गुरुजी तर बारा वाजता या म्हणतात आणि दोनला येतात.

सारं तुम्ही लिहिलं तसं केलं. नवरात्रातला पाचवा दिवस धरला. रात्री दहाला तोटीला दोरा बांधला. हे दोनला उठले आणि तहान लागली म्हणाले, मी म्हटलं गडव्यातलं घ्या. म्हणाले, "नळाले उपास काऊन लावला?" मी उत्तर दिलं नाही, बोललं की विधी मोडते. पाचला आंघोळ करून बाटली भरली. दामिनीसाठी आहे म्हणून निघता निघता तोटीवरचा चिमूटभर शेंदूर बाटलीच्या तोंडाला लावला. तुम्ही काही टाकू नये म्हटलं होतं, पण हे टाकणं नाही, लावणं आहे. थोडा आत गेला असेल.

गल्लीत आता रोज सात-आठ बाया येतात. जयवंताच्या पोट्टीचा खोकला गेला. तिनं देवाचं नाव नळोबा ठेवलं. मला बरं वाटलं नाही, पण नाव पडलं.

आता दिवस कळवा. खारीक उतरली.

इंदू


सौंसर, १२ ऑक्टोबर

सौ. इंदूबाई,

हे पत्र बसून वाचा.

तुमची बाटली मी देवघरात ठेवली नाही. ती अंकुशनं नागपूरला पाणी तपासायला पाठवली. तो विधी त्याच्या खात्याच्या कागदात आहे. पाणी रात्रभर नळात थांबलं की शिसं उतरते, म्हणून पहिलीच धार घ्यायची असते. मी फक्त मराठीत लिहिला. तुम्हाला फसवलं, ते कबूल करते.

काल तिथल्या माणसाचा अंकुशला फोन आला. त्यानं विचारलं, "साहब, यह पानी है कि पेंट?" शिसं त्यांच्या यंत्राच्या पलीकडे गेलं. अंकुशनं खोदून विचारलं तेव्हा कळलं ते असं, की नळ शिशाचा असेलच, पण जुन्या पद्धतीचा शेंदूरही शिशाचाच करतात. तुम्ही शिसं लपवलं, इंदूबाई, पण त्यावर शिसंच फासलं. आणि ते चमचा-चमचा गल्लीला वाटलं.

यशवंतरावही यावेळी हसले नाहीत.

दामिनी येणार नाही. मी तिला सांगितलं, ती रडली. तुमच्यावर रागावून नाही रडली. आईजवळ जायचं म्हणून रडली. मी काही वाईट बाई नाही. मी तिच्या जागी होते तेव्हा मलाही माझी आई पाहिजे होती. पण लेकराशी खेळ नको.

आणि जयवंताच्या पोट्टीला ते पाणी देणं आजपासून बंद करा. हे मी विहीण म्हणून नाही, हात जोडून सांगते.

वच्छला


॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥
पांढुर्णा, १५ ऑक्टोबर

सौ. वच्छलाबाईंना इंदूचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. पहिल्यांदा राग आला. देवाचं नाव घेऊन फसवलं, हे विहिणीनं करावं का, असं चार पानं लिहिलं. ती पानं फाडली. कारण सुरुवात माझी होती. शेंदूर मी ८ सप्टेंबरला रात्री आठ वाजता लावला. जत्रेतून आणलेली पुडी कपाटात पडून होती. मला नळाबद्दल शंका होती. चांदीसारखा चमकते हे मीच लिहिलं होतं, तुमचं उत्तर वाचलं तेव्हाच ती ओळ आठवली. पण नळ खोटा निघाला तर तुम्ही पोर पाठवणार नाही, एवढंच डोक्यात होतं. खोटं बोलले असते तर एक पाप लागलं असतं. मी देवाच्या आड लपले, ते त्याहून वाईट.

काल सकाळी बाया आल्या तेव्हा सांगून टाकलं. म्हटलं, हा देव नाही, माझा नळ आहे. मी लावलेला शेंदूर आहे. हे पाणी विषारी आहे, आणि मी तुम्हाला पाजलं, माझं चुकलं. मग जयवंता म्हणाली, "काकू, मंग माह्या पोट्टीचा खोकला कोणं बरा केला?" मी म्हटलं, आपोआप झाला. ती म्हणाली, "आपोआप होते तं मी नारळ काऊन फोडले?" पाच नारळ होते. मी पाचही भरून दिले, आणि पोट्टीला स्वतः दवाखान्यात नेलं. रक्त घेतलं. डॉक्टरीण म्हणाली, थोडे दिवस चमचे गेले, भिण्यासारखं नाही, पण आता बंद.

घरी येऊन यांना म्हटलं, अंगण खणा, नळ काढा. हे म्हणाले, "माह्या बापानं टाकलेला नळ हाय तो. तुळस त्याच्यावर हाय. मी हात लावणार नाई." मी म्हटलं ठीक आहे. नातवाचं तोंड तुम्ही सौंसरला जाऊन पाहा आणि तिकडेच जेवा, मी या पाण्यात स्वयंपाक करणार नाही. दुपारी चूल पेटली नाही. संध्याकाळी चार वाजता यांनी कुदळ शोधायला सुरुवात केली.

अंकुशरावांना बोलावलं आणि म्हटलं, "माहीत नाही" खोडा, शिसं लिहा. त्यांनी लिहिलं. मग डोक्याला हात लावून बसले. गल्लीतल्या पुष्कळ घरांत तोटीजवळचा नळ नवा आहे, पण जमिनीखाली काय आहे ते कोणालाच माहीत नाही, आणि अंदाजानं सारी गल्ली खणता येत नाही.

तेव्हा मला माझ्या सासऱ्यांची वही आठवली. लाल कापडात, देवघराच्या खाली, दिवाळीला पूजेत ठेवतो ती. मी त्यांच्याकडूनच लिहून ठेवणं शिकले, माणूस दोरा घेतला तरी लिहायचा. त्यात सापडलं. त्यांनी शिशाचा नळ बहात्तर हात आणला होता आणि एकाच मिस्त्रीकडून पाच घरी टाकून घेतला. आमच्याकडे चौदा हात, जयवंताच्या आजेसासऱ्याकडे अकरा, आणि बाकी तीन घरी बारा, तेरा, दहा. घरं नावानिशी आहेत. अंकुशरावांनी ते पान उभं राहून वाचलं, आणि फोटो काढला. म्हणाले, आई, याच्यासाठी मी दोन महिने भटकलो. मी म्हटलं, तुम्ही अनारसे खात होते तेव्हा वही चार हातांवर होती.

एक गोष्ट मात्र सलते. पाच घरांची बेरीज साठ येते. बारा हात कमी पडतात. मी तीनदा केली. जमत नाही.

तोवर पाणी उकळून पिऊन राहिलो.

दामिनीला सांगा, आई खणून राहिली आहे.

इंदू


सौंसर, १८ ऑक्टोबर

सौ. इंदूबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दामिनीला पूर्ण वाचून दाखवलं, शेंदराच्या तारखेसकट. ती हसली आणि मग पुन्हा रडली. चार बायांसमोर तुम्ही बोललात ते माझ्याच्यानं झालं नसतं.

उकळून काही उपयोग नाही, ते आधी बंद करा. अंकुश म्हणतो, उकळल्यानं किडे मरतात, शिसं जात नाही. उलट पाणी आटते आणि शिसं तेवढंच राहते. टँकरचं घ्या किंवा विहिरीचं.

दुसरं म्हणजे खणायची घाई करू नका. पुंडलिकराव व्याह्यांच्या हातून कुदळ काढून ठेवा. घराचा नळ आणि रस्त्याकडचा तुकडा एकाच दिवशी निघाला पाहिजे. अर्धा कापून अर्धा ठेवला तर उरलेल्यातलं शिसं हलते आणि पाणी काही दिवस आणखी खराब होते. रस्त्याकडचा तुकडा अंकुशचं खातं काढणार आहे, पाचही घरांचं, दिवाळी झाली की. नवा नळ लागल्यावर पाणी खूप वेळ वाहू द्यायचं. ते वाया गेलं म्हणून जीव काढू नका, झाडांना घाला. मग पुन्हा बाटली. तोच विधी. शेंदूर नाही.

ती बाटली चांगली आली तर पाहू. मी "नाही"वरून "पाहू"वर आले आहे, हे लक्षात घ्यावं.

तुमच्या बारा हातांचं जाऊ द्या. शिसं मऊ असते, उंदरांनी खाल्लं असेल. आमच्या निळ्या नळाला असले प्रश्न पडत नाहीत.

वच्छला


॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥
पांढुर्णा, ७ नोव्हेंबर

सौ. विहीणबाईंना इंदूचा नमस्कार.

सकाळी फोनवर मी एवढंच म्हटलं, की आजपासून तुम्ही आणि व्याहीसुद्धा विहिरीचंच पाणी प्या. काऊन ते पत्रात सांगते म्हटलं, कारण मागे "ताजी मेथी" असं ऐकू आलं.

आधी इकडचं. २८ तारखेला नळ निघाला. तुळस डिस्टेंपरच्या रिकाम्या बादलीत काढली. त्याच बादलीत परवा तिचं लग्न लागलं. बादलीला हिरवा कागद लावला तर वऱ्हाडी म्हणाले, नवरी छान दिसते. नळ बाहेर आला तेव्हा यांनी तो हातात धरला. दोरीसारखा वाकला. हे म्हणाले, "बापानं चांगलंच समजून टाकला होता." मी म्हटलं, हो, तेव्हाची ती चांगलीच वस्तू होती, त्यांची काही चूक नाही. यांना एक तुकडा आठवणीला ठेवायचा होता. अंकुशरावांनी दिला नाही. नदीतही टाकायचा नाही म्हणाले, मोजून घेऊन गेले. चौदा हात भरला. वहीत लिहिला तेवढाच.

नवा नळ दोन तास वाहू दिला. मी घरात जाऊन बसले, मला पाहवेना. मग विधी केला, बाटली गेली, कागद काल आला. तो सोबत जोडते. शिसं नाही.

आता तुमचं. बारा हातांनी मला झोप नव्हती. लक्ष्मीपूजनाला वही काढली तर दोन पानं हळदीनं चिकटलेली होती. फाटतील म्हणून तेव्हा राहू दिली, आज पहाटे चहाचं आधण ठेवलं तेव्हा वाफेवर धरून सोडवली. आत सासऱ्यांचं अक्षर होतं. जसंच्या तसं उतरवते: "उरलेला बारा हात नळ सौंसरला दोस्ताकडे संत्र्याच्या गाडीवर पाठवला. त्याच्या स्वयंपाकघरात लागला. वहिनी खूश." खाली तुमच्या सासऱ्यांचं नाव आहे.

बेरीज बहात्तर झाली.

तुमचा निळा नळ निळा आहेच, विहीणबाई. पण तो भिंतीपर्यंत आहे की भिंतीच्या आतही, ते घरच्या उपयंत्र्यानं कधी पाहिलं का? त्यानं पांढुर्ण्याची चारशे घरं पाहिली. स्वतःच्या घरी आई जेवायला वाढते म्हणून बैठकीतून उठला नसेल.

खरं सांगते, पहिल्यांदा मला हसू आलं. मग मनात आलं, पोर इतके महिने तिथे आहे. मग व्याह्यांची घागर आठवली. दामिनीनं नखरा केला, आणि तुम्ही काही बोलला नाहीत, यात सारं वाचलं. त्या घागरीला माझा नमस्कार सांगा.

तरी पाहून घ्या. रात्री दहाला नळ बंद करावा. गुळणीलाही उघडू नये. पहिली धार, एक लिटर, वर तारीख आणि वेळ. बाटली अंकुशरावांजवळ पाठवते.

मागची खोली तयार आहे.

इंदू


सौंसर, ९ नोव्हेंबर

सौ. इंदूबाई,

बाटलीची गरज पडली नाही. तुमचं पत्र वाचून अंकुशनं ओट्यामागची फरशी उचलली आणि खिशातून नाणं काढलं. निळा नळ भिंतीत एक वीत आहे. पुढे चांदीसारखं चमकलं. यशवंतराव म्हणाले, "हात जोडू का?" मी त्यांच्या हातात घागर दिली.

काल दामिनीचं रक्त तपासलं. रिपोर्ट चांगला आहे, डॉक्टरीण म्हणाली बाळही चांगलं आहे. आमच्या दोघांचं तेवढं चांगलं नाही, पण ते उतरते म्हणाली. मी पितळी घागरीला हार घातला. फक्त हार.

इथल्या खात्याचा माणूस रस्त्याकडचं खणून देतो म्हणाला, महिना लागेल. तोवर या घरात राहता येत नाही. तेव्हा रविवारी दामिनीला घेऊन आम्ही सारेच येत आहोत. माझी खाट दामिनीच्या खोलीत नको, मी घोरते असं हे म्हणतात. यांना बैठकीत टाका. पहाटे यांना घागर आणायची सवय झाली आहे, काम नसलं तर बेचैन होतात, तेव्हा तुमचा नळ कितीही चांगला असला तरी त्यांना एखादी विहीर दाखवून ठेवा. कानातलं यंत्र आणते. समोरासमोर ते शिट्टी मारत नाही. जयवंताला माझ्याबद्दल आधीच काही सांगू नका.

सासऱ्यांची ती वही मला पाहायची आहे. "वहिनी खूश" ही माझी सासू. ती खूश झाल्याची नोंद आमच्या घरात कुठेच नाही.

पाकीट उघडंच पाठवते. स्वयंपाकघर खणलं आहे, घरात चिकटवायला भाताचं शीत नाही.

वच्छला